उमेदवारीची वर्षे

निवडणुकीच्या दिवसांत ‘उमेदवार’ हा शब्द भिंतीभिंतींवर झळकतो, आणि त्या झळाळीत त्याचा जुना अर्थ आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला आहे. शब्द मूळचा फारसी. उमेद म्हणजे आशा. आशा धरून बसला तो उमेदवार. आपल्या पणजोबांच्या काळी हा गृहस्थ मते मागत दारोदार हिंडत नसे. तो मामलतदार कचेरीत सनदी कारकुनांच्या मागे मांडी घालून बसलेला असे, आणि त्याची आशा एखाद्या लहानशा कारकुनी जागेपलीकडे सहसा जात नसे. पदवी आहे पण अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे त्रांगडे आजच्या तरुणांस अगदी नवे वाटते. वस्तुतः ते बरेच जुने आहे, आणि ते सोडविण्याचे दोन अगदी भिन्न मार्ग आपल्या इकडे होऊन गेले आहेत.

पहिला मार्ग कचेरीतील उमेदवारीचा. पेशवाईच्या दप्तरातील कारकुनी ही पुस्तकावरून येणारी विद्या नव्हती. मोडीचे वळण बसविणे, तेरीज काढणे, ताळेबंद जमविणे, कोणता कागद कोणत्या रुमालात बांधावयाचा हे अंगवळणी पाडणे, हे सारे कोणाच्या तरी हाताखाली बसूनच शिकावे लागे. १८१८ साली राज्य बदलले तरी खालच्या कचेऱ्यांतून ही रीत चालू राहिली. होतकरू मुलगा येई, नकला करी, बेरजा तपाशी, वरिष्ठांची किरकोळ कामे निमूटपणे उरकी, आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. वेतन नाही. जागा रिकामी झाली म्हणजे ती आपल्यालाच मिळेल, असे लेखी वचनही नाही.

या पद्धतीत शिक्षण उत्तम होई, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो मुलगा त्या काळात जेवत कोठे असे, हा प्रश्न तिच्या गुणगायकांनी क्वचितच विचारला आहे. तो जेवत असे काकांकडे, मामांकडे, नाहीतर ज्याच्या हाताखाली शिकावयाचे त्याच्याच घरी. म्हणजे ज्याचा मामा कचेरीत होता त्याला उमेदवारी साधत असे. ज्याच्या जातीतील कोणीच कधी कचेरीची पायरी चढला नव्हता, त्याने आशा तरी कोणत्या ओटीवर बसून धरावी? फुकट काम करण्याची मुभा वरवर पाहता सर्वांस सारखीच दिसते. व्यवहारात मात्र ती जिच्या घरची चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते अशाच मंडळींपुरती उरते. कारकुनी पिढ्यानपिढ्या ठराविक घरांत का राहिली, याची अनेक कारणे आहेत, पण हे त्यांतले लहान कारण नव्हे.

दुसऱ्या मार्गाचा उगम काहीसा अनपेक्षित ठिकाणी आहे. पेशवे श्रावणात पुण्यास ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत, आणि पर्वतीच्या पायथ्याचा रमणा त्यासाठी प्रसिद्ध होता. इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही; तिच्यातीलच पैशावर १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे सुधारकांच्या खटपटीने १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांस पारितोषिके मिळू लागली. याच निधीतून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यात येऊ लागले. ज्या द्रव्यातून एके काळी वेदशास्त्रसंपन्नांच्या हातावर दान पडत होते, त्यातूनच आता विद्यापीठाच्या हुशार तरुणांस दरमहा वेतन मिळू लागले. फेलोने खालच्या वर्गांस काही तास शिकवावे आणि उरलेल्या वेळात वरच्या परीक्षेचा अभ्यास करावा, अशी योजना होती. हीही उमेदवारीच, पण पोटाला देऊन.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. हे दोघेही दक्षिणा फेलो होते. भांडारकर १८६४ साली सिंधमधील हैदराबादेस हेडमास्तर म्हणून गेले ते वर्ग चालविण्याची सवय घेऊनच. रानड्यांनी फेलोशिपच्या काळात एम. ए. केले, कायद्याचा अभ्यास केला, वर ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादनही सांभाळले. पुढे गोपाळ गणेश आगरकरांनाही डेक्कन कॉलेजात एम. ए. करताना या फेलोशिपचा आधार झाला. तो नसता तर त्या अत्यंत दरिद्री विद्यार्थ्याचे शिक्षण कोठे थांबले असते, हे सांगता येत नाही.

तथापि पगारी उमेदवारीलाही तिचा काच होताच. रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याशी तुलना करताना इंग्रजी राज्यास उणेपणा दिला, तेव्हा प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रांट यांनी त्यांचे वेतन सहा महिने बंद ठेवले, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. अन्न घालणारा हात तोंडही मिटवू पाहतो. मामाच्या घरी ही भीती नव्हती असे मात्र कोणी समजू नये. तिथली शिक्षा कागदावर येत नसे, इतकेच.

या दोन मार्गांची गाठ मला एकाच मनुष्याच्या चरित्रात पडलेली दिसते. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली बी. ए. झाले. त्यांचे कॉलेज-शिक्षण थोरल्या बंधूंच्या पंधरा रुपये पगारातून झाले होते. त्यांतले आठ ते धाकट्यास धाडीत. पदवी मिळताच गोखल्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकाची जागा पत्करली. १८८७ च्या सुमारास ते रानड्यांच्या सहवासात आले आणि तेथून त्यांची खरी उमेदवारी सुरू झाली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम, सरकारी अहवालांचे वाचन, अर्जांचे मसुदे लिहिणे आणि ते रानड्यांकडून तपासून घेणे, हा क्रम १९०१ साली रानडे निवर्तेपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे चालला. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना ज्या आकड्यांनी गोखल्यांनी परीक्षकांस थक्क केले, त्यांची तालीम या खोलीत झाली होती. रानड्यांच्या हाताखालच्या कामाचे वेतन नव्हते. पण त्याच्या मागे ते पस्तीस रुपये होते आणि त्यांच्याही मागे त्या बंधूंचे आठ रुपये होते. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदांसाठी पाच वर्षांची शिक्षणाची मुदत ठेवली आणि तेवढ्या काळातील त्यांच्या निर्वाहाचा भार संस्थेने उचलला. स्वतःच्या उमेदवारीवरून त्यांनी काय धडा घेतला हे यावरून कळते.

आजचा कायदा या दुसऱ्या मार्गाने चालू पाहतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली काढलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये देण्याचे ठरले. परंतु कायद्याबाहेर ‘इंटर्नशिप’ या नव्या नावाने जुनी कचेरी पुन्हा भरते आहे. गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागण्यास आली होती. काम मुंबईत, सहा महिन्यांचे, बिनपगारी, शेवटी प्रमाणपत्र. पत्र मी आनंदाने लिहून दिले. मग सहज विचारले, “मुंबईत राहणार कुठे?” ती म्हणाली, “सर, दादरला माझी मावशी असते.”

तिच्याच वर्गातील, तिच्याहून अधिक गुण मिळविलेला एक मुलगा त्या कामासाठी पत्र मागण्यास आलाच नाही. त्याचे मुंबईत कोणी नाही.