अर्ध्या पेनीचे इस्पितळ

दक्षिण वेल्समधले ट्रेडेगर हे गाव लोखंड आणि कोळसा यांवर उभे राहिले. तेथील सार्वजनिक रुग्णालय १९०४ मध्ये सुरू झाले आणि २०१० मध्ये बंद पडले. मला त्याच्या इमारतीपेक्षा त्याचा जमाखर्च अधिक बोलका वाटतो.

जागा लॉर्ड ट्रेडेगर यांची. पण इस्पितळ चालावे म्हणून कामगार आठवड्याला अर्धा पेनी देत. गावात १८९० पासून ‘मेडिकल एड सोसायटी’ही होती. मजुरीच्या दर पौंडामागे तीन पेन्स कापले जात आणि त्या बदल्यात सगळ्या कुटुंबाला डॉक्टर व औषधे मिळत. डॉक्टरला नेमणारे खाणकामगारच. ए. जे. क्रोनिन हा लेखक १९२०च्या दशकात याच सोसायटीत डॉक्टर होता. त्याच्या ‘द सिटाडेल’ (१९३७) या कादंबरीमागे तो अनुभव आहे. विजय आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ (१९७१) आठवत असेल, तर ट्रेडेगरची सावली आपण पाहिलेली आहे.

याच गावात १८९७ मध्ये अनायरिन बेव्हन जन्मला. तेराव्या वर्षी तो खाणीत उतरला. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेले त्याचे वडील १९२५ मध्ये वारले. भरपाई मिळाली नाही, कारण तो आजार कायद्याच्या यादीतच नव्हता. पुढे बेव्हन इस्पितळाच्या समितीवर बसला आणि १९४५ मध्ये देशाचा आरोग्यमंत्री झाला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

इथेच पेच आहे. त्या दिवशी ट्रेडेगरचे इस्पितळही सरकारजमा झाले. ज्यांनी ते पैपैने चालवले, त्यांचा धनीपणा संपला. रुग्णालये स्थानिक संस्थांकडेच राहावीत, असा हर्बर्ट मॉरिसन यांचा मंत्रिमंडळात आग्रह होता. बेव्हन बधला नाही. मला त्याचे म्हणणे पटते. वर्गणी मजुरीवर चालते, आणि मंदीत खाण बंद पडली की मजुरीच थांबते. म्हणजे गरज सर्वांत मोठी तेव्हाच पेटी रिकामी. श्रीमंत गावाला चांगले इस्पितळ आणि गरीब गावाला नशीब, हा न्याय मोडायचा तर तिजोरी साऱ्या देशाचीच हवी.

तरी किंमत मोजावी लागलीच. वर्गणीदार समितीत उठून जाब विचारू शकत होता. रुग्णाच्या वाट्याला अर्ज आला. उपचार हक्काचे झाले, इस्पितळ मात्र परके. दोन्ही एकत्र कसे नांदवावे, हा प्रश्न ट्रेडेगरने मागे ठेवला आहे, आणि तो केवळ वेल्सचा नाही.