मोहल्ल्यातलं कॉम्प्युटर सेंटर: कोणासाठी, कोणते कोर्स आणि कशाच्या जोरावर चालतं?
जळगाव-धुळ्यातील कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

शाळा सुरू झाल्या की आपल्या वस्त्यांमध्ये एक चित्र दरवर्षी दिसतं. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, अकरावी नाहीतर आयटीआयचा प्रवेश, रेशन कार्डाची ई-केवायसी. हातात कागदांची पिशवी घेऊन आई सेतू केंद्रासमोर रांगेत उभी असते. मोबाइल तिचा, आधार तिचं, बँक खातंही तिचंच. पण ओटीपी आला की ती फोन काउंटरपलीकडच्या मुलाच्या हातात देते. अर्जात काय भरलं, खाते क्रमांक बरोबर पडला की नाही, हे तिला कळत नाही. शिष्यवृत्ती जमा झाली नाही की चूक कुठे झाली हेही सांगता येत नाही.

कॉम्प्युटर सेंटरची चर्चा निघाली की आपण लगेच नोकरीबद्दल बोलतो. नोकरी महत्त्वाची आहेच, पण आमच्या मते अशा केंद्राची खरी परीक्षा या आईपाशी होते. सहा महिन्यांनी तिला स्वतःचा अर्ज स्वतः वाचता आला, तर केंद्र चाललं असं म्हणायचं. हीच कसोटी धरून ही माहिती देत आहोत.

असं केंद्र म्हणजे नेमकं काय?

खासगी क्लास फी भरणाऱ्यासाठी असतो, शाळेची लॅब शाळेच्या मुलांसाठी असते. सामुदायिक तंत्रज्ञान शिक्षण केंद्र या दोन्हींच्या बाहेर राहिलेल्यांसाठी असतं: शाळा सुटलेला तरुण, घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला, यंत्रमाग कामगार, अर्ज भरण्यासाठी नातवाची वाट पाहणारे आजोबा. त्यात साधारण तीन कामं होतात. पहिलं शिकवणं, दुसरं सरावासाठी मशीन मोकळं ठेवणं आणि तिसरं अर्ज-दाखल्यात मदत करणं. तिसरं काम करताना अर्ज भरून देऊन मोकळं व्हायचं नाही. शेजारी बसून त्या माणसाच्या हातूनच तो भरून घ्यायचा.

कल्पना जुनी आहे

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हार्लेम या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत अँटोनिया स्टोन या शिक्षिकेने १९८३ साली वस्तीतल्या लोकांसाठी संगणक केंद्र उघडलं. तेव्हा घरोघरी संगणक नव्हतेच. श्रीमंतांच्या मुलांना मिळतं ते गरिबांच्या मुलांनाही मिळावं, एवढाच विचार होता.

आपल्या जास्त जवळचं उदाहरण दिल्लीच्या सीलमपूरचं आहे. २००३ च्या सुमारास युनेस्को आणि डेटामेशन फाउंडेशन यांनी तिथे मुस्लिम महिलांसाठी केंद्र सुरू केलं, आणि त्याला जागा दिली बाबुल उलूम मदरशाने. याचा फायदा काय झाला? मदरशाच्या आवारात जायचं म्हटल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना परवानगी द्यायला अडचण वाटली नाही. मशीन कुठेही मिळतं, पण मुलीला निर्धास्तपणे पाठवता येईल अशी जागा मिळणं अवघड असतं.

महाराष्ट्रात या कामाला मोठी गती आली ती २००१ मध्ये. राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा कोर्स गावोगावच्या अधिकृत केंद्रांतून सुरू झाला. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. १४ ते ६० वयोगट, २० तासांचं मोफत प्रशिक्षण आणि ६ कोटी ग्रामीण कुटुंबांचं उद्दिष्ट. ते ३१ मार्च २०२४ रोजी संपलं. त्यात नियम होता, एका कुटुंबातून एकच व्यक्ती. घरातून एकालाच पाठवायचं म्हटल्यावर बहुतेक घरांत कोण पुढे होणार हे सांगायला नको. शिवाय अभियान ग्रामीण भागासाठी होतं, त्यामुळे शहरातल्या झोपडपट्ट्या आणि जुने मोहल्ले त्याच्या बाहेरच राहिले.

खान्देशात गरज वेगळी का?

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२.३ लाख आणि धुळ्याची २०.५ लाख होती. जळगावात १५ तालुके आहेत, धुळ्यात ४. आपला समाज इथे एकसारखा नाही. धुळे शहरात यंत्रमागावर राबणारी कुटुंबं आहेत. रावेर-यावल-सावदा भागात केळीच्या धंद्यावर पोट असलेले लोक आहेत. भुसावळला रेल्वेमुळे वसलेल्या वस्त्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत तडवी भिल्ल बांधव आहेत. ते मुसलमानही आहेत आणि आदिवासीही.

भाषेचंही तसंच. घरात उर्दू नाहीतर दखनी, बाजारात अहिराणी, कचेरीत मराठी. उर्दू माध्यमाचा मुलगा हुशार असतो, मराठी विषयही शिकलेला असतो, पण मराठीतला ऑनलाइन अर्ज समोर आला की अडखळतो. तडवी मुलाची शाळा मराठी, त्याला उर्दू कीबोर्डचा उपयोग नाही. म्हणून एकच कोर्स सगळ्यांच्या गळ्यात मारून चालत नाही.

बायकांचा प्रश्न तर देशभराचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के.

आता तर संस्थांचं कामही ऑनलाइन झालं आहे. वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ‘उमीद’ पोर्टल ६ जून २०२५ रोजी सुरू झालं आणि कागदपत्रं चढवायला सहा महिन्यांची मुदत होती. गावच्या मशिदीचे, कब्रस्तानाचे वयस्क मुतवल्ली जुने उतारे घेऊन कोणाकडे जाणार? ज्या मोहल्ल्यात स्कॅन करून फाईल चढवू शकणारे चार विश्वासू तरुण आहेत, तिथे असं काम घरच्या घरी होतं. नाहीतर दुसऱ्यावर विसंबावं लागतं.

कोणता कोर्स कशासाठी?

*एमएस-सीआयटी:* मराठी, हिंदी, इंग्रजीत उपलब्ध. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी संगणक ज्ञानाचा पुरावा म्हणून चालतो. अगदी पहिल्यांदा मशीनला हात लावणाऱ्यालाही जमतो.

*सीसीसी:* केंद्र सरकारच्या नाइलिट संस्थेचा ८० तासांचा मूलभूत कोर्स. शिक्षणाची किमान अट नाही, म्हणून शाळा सुटलेल्यांना सोयीचा.

*शासकीय संगणक टायपिंग (जीसीसी-टीबीसी):* परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लिपिक पदासाठी साधारणपणे मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट लागतात. नुसती एमएस-सीआयटी करून लिपिकाचा अर्ज भरणारे बरेच इथे अडकतात.

*काबा-एमडीटीपी:* राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद आणि नाइलिट यांचा एक वर्षाचा डिप्लोमा. संगणक, हिशेब आणि उर्दूसह बहुभाषिक डीटीपी. उर्दू माध्यमाच्या मुलांना हा जवळचा वाटतो. परिषदेकडे अर्ज करून नोंदणीकृत संस्थांना केंद्र मिळू शकतं.

*जन शिक्षण संस्थान:* निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्या १५ ते ४५ वयाच्या लोकांसाठी हातच्या कामाचं प्रशिक्षण. याची सुरुवात १९६७ मध्ये मुंबईत ‘श्रमिक विद्यापीठ’ म्हणून झाली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

याशिवाय दोन्ही जिल्ह्यांत शासकीय आयटीआय आहेत, आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. कुठली योजना सध्या चालू आहे, जागा आहेत का, हे तिथेच जाऊन विचारावं. योजना बदलत राहतात, व्हॉट्सअॅपवरचा जुना मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतो.

आपल्या हाताशी काय आहे?

खान्देशात पाया नाही असं म्हणता येणार नाही. जळगावात मेहरूणला इकरा शिक्षण संस्थेचं एच. जे. थीम महाविद्यालय आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आताचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, जळगावातच आहे. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये अक्कलकुव्याला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं. तेव्हा अक्कलकुवा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. मदरशापासून निघालेल्या या संस्थेने पुढे आयटीआय, पॉलिटेक्निक, फार्मसीपर्यंत मजल मारली. मौलानांचं २०२५ मध्ये निधन झालं, पण दीनी तालीम आणि हातचं हुनर एका आवारात नांदू शकतं, हे त्यांनी सातपुड्याच्या कुशीत दाखवून दिलं.

उणीव आहे ती मोठ्या संस्था आणि गल्ली यांच्या मधल्या दुव्याची. ज्याने दहावीच पास केली नाही तो महाविद्यालयाच्या दारात जात नाही. त्याच्यासाठी केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असावं लागतं.

केंद्रं बंद का पडतात?

उद्घाटन जोरात होतं. फीत कापली जाते, फोटो छापून येतात. वर्षभराने मशीनवर धूळ असते. कारणं बहुधा नेहमीचीच असतात.

एक, वेळ. दुपारची बॅच यंत्रमाग कामगाराला जमत नाही, रात्रीची बाईला जमत नाही. दहा मशीनवर दोन-दोन तासांच्या चार बॅचेस केल्या तर रोज ४० जण शिकतात. त्यातली सकाळी मुलं शाळेत गेल्यानंतरची बॅच बायकांसाठीच राखावी, शिकवायलाही बाईच असावी. रमजानमध्ये वेळापत्रक बदलावं, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात दुपारची बॅच ठेवूच नये.

दोन, शिक्षक. मशीन एकदाच घ्यावं लागतं, पगार मात्र दर महिन्याला लागतो. देणगी मागताना लोक मशीनसाठी मागतात आणि शिक्षकाचा पगार विसरतात.

तीन, वीज आणि दुरुस्ती. इन्व्हर्टर आणि दुरुस्तीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. जुने चांगले लॅपटॉप आणि लिनक्स, लिब्रे ऑफिस यांसारखी मोफत सॉफ्टवेअर वापरली तर सुरुवात स्वस्तात होते.

चार, किल्ली. केंद्राची किल्ली एकाच माणसाकडे असली की तो लग्नाला गेला तरी केंद्र बंद. तीन जणांची समिती हवी, त्यात एक महिला हवी.

पैसा कुठून?

जकातीबद्दल नेहमी विचारलं जातं. हनफी मसलकात जकात हकदार माणसाच्या मालकीत जावी लागते, त्याला तमलीक म्हणतात. म्हणून गरीब विद्यार्थ्याच्या फीसाठी ती त्याच्या हातात देता येते. इमारत आणि मशीनसाठी मात्र इमदाद, सदका, देणगी असा वेगळा हिशेब ठेवावा. खात्री आपल्या मुफ्तींकडून करून घ्यावी. कंपन्यांचा सीएसआर निधी हवा असेल तर संस्था नोंदणीकृत हवी, १२-ए, ८०-जी आणि सीएसआर-१ नोंदणी हवी, लेखापरीक्षण झालेलं हवं. मशिदीच्या किंवा वक्फच्या जागेत केंद्र काढायचं असेल तर आधी वक्फ मंडळाची परवानगी आणि कागद पाहावेत.

नाव घालण्यापूर्वी विचारा

प्रमाणपत्र कोण देणार, संस्था की शासनाचं मंडळ? केंद्राचा अधिकृत क्रमांक काय? फीची पावती मिळेल का? सरावाला वेगळा वेळ आहे का? ‘शंभर टक्के नोकरी’ असा बोर्ड असेल तर दोनदा विचार करा. आणि कुठल्याही केंद्रात, आपल्याच माणसाच्या केंद्रातसुद्धा, ओटीपी आणि पिन सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

मोठ्या केंद्राची वाट पाहायची गरज नाही. मदरशाची एक खोली, पाच मशीन, एक शिकवणारी मुलगी आणि ठरलेले दोन तास एवढ्यावरही सुरुवात होते. पहिल्या महिन्यात एकच काम घ्या: मोहल्ल्यातल्या दहा आयांनी आपल्या मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतःच्या हाताने भरायचा, स्वतः वाचायचा आणि मगच सबमिट करायचा. त्या दहा जणी पुढच्या वीस जणींना घेऊन येतील, इन्शाअल्लाह.