मनोरा, तबकडी आणि शेतवस्ती

ग्रामीण प्रेक्षकाला दूरचित्रवाणीची 'निवड' कधी मिळाली, हे पाहताना आधी अंतराचा इतिहास तपासावा लागतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले; मनोऱ्याच्या टप्प्याबाहेरचा प्रेक्षक तेव्हा आपोआप वगळला गेला. डिसेंबर २००४ मध्ये मासिक शुल्काविना 'डीडी डायरेक्ट प्लस' आली. उपग्रहाच्या लेखी मुंबईतील गच्ची आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतची शेतवस्ती सारखीच होती.

इंटरनेटवरून मालिका-चित्रपट पाहण्याच्या काळात हे अंतर पुन्हा अवतरले. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' हे नाव मिळालेल्या योजनेचे मूळ उद्दिष्ट प्रकाशतंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे होते. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात मात्र कितीतरी कुटुंबे विहिरीच्या आधाराने रानात विखुरलेली. तार तेथवर गेली नाही, तर मोबाइलचा मनोराच उरतो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला खरा. पण मनोऱ्यापासूनचे अंतर स्वस्ताईने घटत नाही. म्हणून सेवेची निवड ही निव्वळ दरपत्रकाची बाब ठरत नाही. गावठाण आणि वस्ती यांतील जुनी दरीच तिच्यात नव्याने उमटते.