पोलमनच्या तोफांचे कूळ

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात शिंद्यांच्या कवायती पायदळाची फळी अँथनी पोलमन नावाच्या जर्मनाच्या हुकमाखाली उभी होती. हा पोलमन हॅनोव्हरचा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हॅनोव्हरचाही अधिपती होता. त्याने तिथल्या पलटणी १७८० नंतरच्या काही वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीला मद्रासकडे धाडल्या, आणि पोलमन त्यांतलाच एक सार्जंट होता. पलटणी मायदेशी परतल्या, हा मात्र मागे राहिला. द बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याने महादजी शिंद्यांसाठी उभ्या केलेल्या कवायती फौजेत, म्हणजे कंपूत, तो शिरला आणि द बॉयननंतर आलेल्या पेराँच्या काळात पूर्ण ब्रिगेडचा प्रमुख झाला. म्हणजे तो जातिवंत तोफखान्याचा अधिकारी नव्हता, पायदळातून वर आलेला होता. तरी असईला त्याच्या ताब्यात जवळजवळ शंभर तोफा होत्या. अशा माणसांकडे पाहून एक समज पक्का झाला आहे की मराठ्यांची मैदानी तोफ म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणलेली विद्या, ते आले तेव्हा ती आली आणि ते गेल्यावर तीही गेली. पुरावा तपासला तर हा समज टिकत नाही. तोफ ओतणारा आणि डागणारा हात इथे आधीपासून तयार होता. जी विद्या इथे कधी रुजली नाही ती निराळीच होती, आणि दोन्हींचा गोंधळ केल्यामुळे आपण गोलंदाजांवर दोनशे वर्षे अन्याय करत आलो आहोत.

तोफेची कुळकथा भिंगारपासून सांगता येते. अहमदनगर वसण्यापूर्वी त्या परिसरात भिंगार होते. २८ मे १४९० रोजी याच परिसरात मलिक अहमदने जहांगीरखानाच्या बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये भिंगारशेजारी नव्या राजधानीची पायाभरणी झाली. त्यानंतर अर्धशतक उलटते न उलटते तोच, १५४९ मध्ये, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या राज्यात मुहम्मद रूमीने नगरलाच मलिक-ए-मैदान ओतली. सव्वाचार मीटरांहून लांब, तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटीमीटर आणि वजन ५५ टनांच्या आसपास सांगितले जाते. पुढे ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला. एवढा धातू एकाच वेळी वितळवून, मधे खंड न पडता साच्यात उतरवायचे तर एकटा उस्ताद पुरत नाही. भट्ट्या पेटवणारे, साचा बांधणारे, तांबे आणि कथिलाचे प्रमाण जाणणारे कारागीर मोठ्या संख्येने हाताशी लागतात. रूमी परका होता, तुर्की मुलखातून आलेला. पण त्याची विद्या नगरात कामाला लागली, तिला दरबाराचा पैसा आणि कारागिरांचे हात मिळाले, आणि ती इथली झाली. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखाना चलबी रूमीखानाच्या हुकमाखाली होता आणि विजयनगरच्या पाडावात त्याचा वाटा निर्णायक ठरला.

इथे कोणी हरकत घेईल की मलिक-ए-मैदान आणि असईची तोफ यांचा काय संबंध? एक बुरुजावर बसवायची अजस्र तोफ, दुसरी बैलांनी ओढून पायदळाच्या पुढे लावायची हलकी तोफ. हरकत बरोबर आहे, आणि या दोघींमध्ये सरळ वंशरेषा मी ओढत नाही. हलक्या तोफेची आणि कवायती पायदळाची जोडी मराठ्यांना शिकवली ती फ्रेंच सेनानी बुसीने, तीही नगरच्याच मुलखात. नोव्हेंबर १७५१ मध्ये निजाम सलाबतजंगाबरोबर बुसी नगरहून पुण्याच्या रोखाने निघाला. चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठी नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर त्याने तोफांसह छापा घातला आणि मराठ्यांची दाणादाण उडाली. हा धडा वाया गेला नाही. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी दहा वर्षांच्या आत भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर होता. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे चालत आला होता, आणि थोरल्या माधवरावांच्या काळात तर गोळे तयार करण्याचे कारखानेही निघाले. द बॉयन महादजींकडे आला तो १७८४ मध्ये. तोपर्यंत हलक्या तोफा आणि कवायती पायदळ ही जोडी मराठ्यांच्या अनुभवात मुरून तीस-बत्तीस वर्षे झाली होती, आणि पोलमन त्याही नंतरचा.

द बॉयनचा वाटा मी नाकारत नाही. प्रत्येक पलटणीला ठरावीक तोफा, ठरावीक दारूगोळा, वेळेवर पगार आणि आग्र्याच्या ओतकामावर सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाची देखरेख, ही व्यवस्था त्याची होती. मग असईच्या उत्तम पितळी तोफा सँगस्टरच्याच म्हणायच्या का? नमुना युरोपियन होता हे खरेच. पण साच्याला माती लावणारे, ओतलेल्या नळीला आतून कोरून सरळ करणारे हात आग्र्याचेच होते, आणि नमुना समोर ठेवताच कंपनीच्या तोफेच्या तोडीचा माल काढणारे कारागीर हवेतून उगवत नाहीत. जी कसोटी रूमीला लावली तीच सँगस्टरलाही लावली पाहिजे. विद्या कुठून आली यापेक्षा ती कुठे राबली आणि तिथल्या लोकांच्या हाती राहिली की नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता १८०३ चा पावसाळा. दुसऱ्या बाजीरावाच्या सनदेने १७९७ पासून नगरचा किल्ला शिंद्यांकडे होता. ८ ऑगस्टला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिड्या लावून पेठ घेतली, १० तारखेच्या रात्री किल्ल्यासमोर चार तोफांचा मोर्चा बांधला, ११ ला मारा सुरू केला आणि १२ ला किल्ला हाती घेतला. भिंगारचे देशमुख रघुरावबाबा यांनी चार हजार रुपये घेऊन पूर्वेच्या बाजूने मारा करण्याचा सल्ला दिला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. मोठा खंदक असलेला एवढा भक्कम किल्ला चार दिवसांत का पडला, याचे उत्तर तोफांच्या दर्जात सापडत नाही. किल्ल्यावर तोफा होत्या, शिबंदी होती. पण तटाची कच्ची बाजू ओळखून शत्रूच्या आधी तिचा बंदोबस्त करणारा कोणी नव्हता, आणि जवळच्या गावच्या वतनदाराला किल्ला आपला वाटावा असे काही शिंद्यांच्या सहा वर्षांच्या अमलात घडलेले नव्हते.

असईला हाच फरक अधिक ठळक दिसतो. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातून वेलस्ली बगलेवर येतो आहे हे दिसताच पोलमनने सगळी फळी तोफांसकट फिरवून त्याच्यासमोर उभी केली. हे अवघड काम इतक्या सफाईने झालेले पाहून वेलस्ली चकित झाला. पोलमनचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मारा सुरू झाल्यावर इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल आणि गाडीवान इतक्या झपाट्याने पडले की त्यांना आपल्या तोफा मागेच टाकून संगिनींवर भिस्त ठेवावी लागली. इंग्रजांची फळी तोफांवर येऊन धडकली तेव्हा गोलंदाज जागचे हलले नाहीत आणि तोफेपाशीच मारले गेले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि फळी पुढे जाताच उठून तिच्या पाठीवर त्याच तोफा पुन्हा चालवू लागले. त्या बंद पाडायला वेलस्लीला माघारी वळावे लागले. पोलमन मात्र रण सोडून निघून गेला होता. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले, ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या, आणि त्यांतल्या पितळी तोफांइतक्या चांगल्या आपण कधी पाहिल्या नाहीत असे खुद्द वेलस्लीने लिहिले.

सर्वांत वजनदार हरकत मात्र इंग्रज सेनापती लेक याची आहे. १ नोव्हेंबरला लासवारीवर त्याची गाठ शिंद्यांच्या अशा पलटणींशी पडली ज्यांचे गोरे अधिकारी आधीच निघून गेले होते. तिथेही गोलंदाज संगिनीने मारले जाईपर्यंत तोफेपासून हटले नाहीत. लढाईनंतर लेकने लिहिले की यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची शाश्वती नव्हती. मग अधिकारीच महत्त्वाचे ठरले ना? होय, आणि माझे म्हणणेही तेच आहे. लेकची साक्ष दोन गोष्टी सांगते. तोफ चालवण्याची विद्या गोऱ्यांवाचून जिवंत होती, आणि फौज फिरवण्याची विद्या भाड्याने आणलेल्या माणसाबरोबर निघून गेली होती.

ही दुसरी विद्या पोलमनच्याच हॅनोव्हरमध्ये कशी राखली जात होती, हे शार्नहोर्स्टच्या आयुष्यावरून कळते. तोही हॅनोव्हरच्याच मुलखात १७५५ मध्ये जन्मला आणि तो खराखुरा तोफखान्याचा अधिकारी होता. सैनिकी शाळेत शिकला, पुढे हॅनोव्हरच्या तोफखाना-शाळेत शिकवू लागला, तोफखान्यावर ग्रंथ लिहिले. १८०१ मध्ये तो प्रशियाच्या नोकरीत गेला आणि तिथे त्याने क्लॉजविट्झसारखे विद्यार्थी घडवले. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाची फौज मोडली, पण ती पुन्हा उभी करणारे लोक शार्नहोर्स्टभोवती तयार होते. १८१३ मध्ये तो जखमेने वारला तरी काम थांबले नाही, कारण त्याचे ज्ञान शाळेत आणि पुस्तकांत उतरले होते. महादजींजवळ पैसा होता, माणसांची पारख होती, दूरदृष्टीही होती. त्यांनी ओतशाळा काढल्या, पण सेनापती घडवणारी शाळा काढली नाही. पानशांकडे तोफखाना पिढीजात चालत आला, कंपूत तो पगारी परक्याकडे गेला, आणि इथल्या हुशार गोलंदाजाला ब्रिगेडच्या प्रमुखपदापर्यंत जाण्याची वाट दोन्हीकडे नव्हती. मराठेशाहीच्या लष्करी इतिहासातली ही उणीव मला कोणत्याही एका पराभवापेक्षा मोठी वाटते.

इंग्रजांनी ती अचूक ओळखली होती. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात त्यांनी नगरचा किल्ला घेतला आणि इंग्लंडशी युद्ध असलेल्या राष्ट्रांच्या माणसांना चाकरीला न ठेवण्याचे शिंद्यांकडून कबूल करून घेतले. पुढे २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूरला ग्वाल्हेरच्या फौजेशी इंग्रजांचा पुन्हा सामना झाला. द बॉयन, पेराँ, पोलमन यांची पिढी केव्हाच संपली होती. तरीही त्या दिवशी इंग्रजांचे आठशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले, आणि ग्वाल्हेरचे गोलंदाज असईसारखेच आपापल्या तोफांपाशी मारले गेले.