बाळ काचेच्या पेटीत असते तेव्हा

नवव्या महिन्याची वाट पाहणाऱ्या घरात सातव्या महिन्यातच धावपळ उडते. आईला शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आणले जाते. बाळाला वरच्या मजल्यावर, अनेकदा तर रुग्णवाहिकेतून दुसऱ्याच गावी नेले जाते. आणि बाप औषधांची चिठ्ठी हातात घेऊन या दोहोंमध्ये येरझारा घालीत राहतो. नातेवाइकांना द्यायला त्याच्यापाशी एकच उत्तर असते, ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ ती पेटी कशासाठी, आत काय चालले आहे आणि आपण तिथे नेमके काय करायचे, हे त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सांगणारे मात्र क्वचितच कोणी भेटते.

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास वैद्यकशास्त्र ‘अकालजात’ म्हणते. जगात दर दहा बालकांमागे सुमारे एक बालक असे जन्मते. २०२० साली भारतातील अशा बालकांची संख्या तीस लाखांच्या घरात होती. या सर्वांची गणना एकाच गटात करता येत नाही. ३२ ते ३७ आठवड्यांच्या बाळाला बहुधा ऊब, दूध आणि देखरेख एवढेच लागते. २८ ते ३२ आठवड्यांच्या बाळाला श्वासासाठी आधार लागण्याचा संभव बराच असतो. आणि २८ आठवड्यांच्या आतील बाळाची लढाई सर्वांत कठीण. म्हणूनच डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो ‘किती आठवडे आणि किती वजन?’ हा. आपल्याकडे एक समज फार खोलवर रुजला आहे : सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. हा समज निखालस चुकीचा आहे. पोटात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या बाजूनेच मोजला जातो. आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या आईच्या कानावर हे वाक्य घालणाऱ्या शेजारणीला खोलीबाहेर ठेवणे, हाही उपचाराचाच एक भाग समजावा.

पेटीचे पहिले काम ऊब देण्याचे. अशा बाळाच्या त्वचेखाली चरबी नसते, त्वचा कागदासारखी पातळ असते आणि अंगातील उष्णता भराभर निघून जाते. ती राखण्यातच त्याची शक्ती खर्च झाली, तर श्वासासाठी आणि वाढीसाठी काही उरत नाही. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अशी पेटी वापरात आणली. आज आपल्या रुग्णालयांत काचेच्या बंद पेटीऐवजी पुष्कळदा वरून उष्णता देणारा उघडा ‘वॉर्मर’ दिसतो. तत्त्व तेच आहे.

दुसरा प्रश्न श्वासाचा. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतून ‘सर्फॅक्टंट’ नावाच्या द्रव्याचा थर असतो. तो पुरेसा तयार होतो साधारण चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्याला. ज्याच्याकडे तो नाही, त्या बाळाला दर श्वासाला फुगा पहिल्यापासून फुगवावा लागतो. बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून अधिक होते, तरी याच विकाराने तो दोन दिवसांत गेला. देशाच्या अध्यक्षाच्या मुलालाही त्या वेळी देता येईल असे औषध नव्हते. पुढे १९७२ मध्ये न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात असे दाखवले. १९७१ पासून सौम्य दाबाची हवा देणारे ‘सी-पॅप’ आले आणि १९८० मध्ये जपानमधील फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट थेट फुप्फुसांत सोडण्यात यश मिळवले. पॅट्रिकएवढे बाळ आज सुसज्ज विभागात दाखल झाले, तर ते बरे होऊन घरी जाईल अशीच अपेक्षा धरली जाते. नाकातल्या नळ्या पाहून आईबापांचा धीर सुटतो. परंतु सी-पॅप म्हणजे ‘शेवटचा उपाय’ नव्हे, हे लक्षात ठेवावे.

मग डोळे लागतात ते मॉनिटरकडे. बाळाच्या पायाला लाल दिव्याची पट्टी गुंडाळलेली असते. ती जरा सरकली तरी यंत्र ओरडू लागते आणि बाहेर काचेपाशी उभ्या असलेल्या बापाचे काळीज लकाकते. सिस्टर प्रत्येक आवाजाला धावत नाहीत, कारण त्या आधी बाळाचा रंग पाहतात. कृत्रिम प्राणवायू चालू असलेल्या अकालजात बाळाचा आकडा मुद्दामच ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवतात. शंभर करण्याचा आग्रह धरू नये, कारण जादा प्राणवायूने डोळ्यांच्या पडद्याला इजा पोचते. काही वेळा बाळ श्वास घ्यायलाच ‘विसरते’. वीस सेकंदांहून अधिक काळ असे झाले, तर तळव्याला हलकेच टिचकी मारतात आणि औषध देतात ते कॅफीन. होय, चहा-कॉफीतलेच.

या सगळ्यात आईने काय करायचे? जे दुसरे कोणीही करू शकत नाही, ते : दूध काढणे. बाळ ओढत नाही म्हणून थांबायचे नाही. शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, रात्रीची वेळ न चुकवता, हाताने दूध काढावे. पहिल्या दिवशी चमचाभरही निघत नाही, निघतात ते पिवळसर चिकाचे थेंब. ते थेंब पुरतात. दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात प्रथिने अधिक असतात, आणि आतड्याच्या एका जीवघेण्या विकारापासून हे दूध बाळाचे रक्षण करते. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. तोवर तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने आणि नंतर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. आजीच्या काळातील बोंडले अतिदक्षता विभागात सन्मानाने नांदते आहे, याचे अनेकांना नवल वाटते. बाळ दुसऱ्या रुग्णालयात असेल, तर झाकणाच्या उकळलेल्या वाटीत काढलेले दूध बर्फाच्या डब्यातून नेता येते. बाहेर ते चार तास आणि फ्रीजमध्ये चोवीस तास टिकते. आईचे दूध अपुरे असेल, तर दुग्धपेढीची चौकशी करावी. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मध, गूळपाणी, घुटी यांपैकी काहीही, एक थेंबसुद्धा, देऊ नये.

आता स्पर्शाविषयी. आत जाताना अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. कुरवाळायचे मात्र नाही. इतक्या लहान बाळाला सतत फिरणारी बोटे सहन होत नाहीत. एक तळहात डोक्यापाशी, दुसरा पावलांपाशी, स्थिर आणि उबदार ठेवावा, हळू आवाजात बोलावे. ते आवाज ओळखते. पुढची पायरी ‘कांगारू’ पद्धतीची. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्यांची टंचाई होती, म्हणून डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास सुरुवात केली. टंचाईतून निघालेली ही वाट पेटीपेक्षाही सरस ठरली. दिल्लीसह पाच ठिकाणी झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू काळजी मिळालेल्या १ ते १.८ किलोच्या बाळांचे मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तशी शिफारसही केली. दिवसातून ८ ते २४ तास, जेवढे जमेल तेवढे. व्हेंटिलेटरवरच्या किंवा अत्यवस्थ बाळासाठी थोडे थांबावे लागते. आई उठू शकत नसेल, तर वडिलांच्या छातीवरही बाळ तितकेच उबदार राहते. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये म्हणून तिला माहेरी ठेवणारी आणि बाळाकडे फक्त पुरुषमंडळींना पाठवणारी कुटुंबे अजूनही आहेत. त्यांनी हा नियम या एका वेळी बाजूला ठेवावा.

काही विभागांत आईबापांना दिवसातून दहा मिनिटे काचेतून दर्शन घडवतात, जणू ते भेटीला आलेले पाहुणे आहेत. केंद्र शासनाने २०१७ मध्येच कुटुंबाच्या सहभागाने नवजात काळजी घेण्याची मार्गदर्शिका काढली आहे. तेव्हा ‘आम्हाला बाळाजवळ केव्हा बसता येईल, लंगोट आम्ही बदलू का?’ असे नम्रपणे पण रोज विचारावे. जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात कक्षात जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधे, तपासण्या आणि वाहतूक विनामूल्य असते, हेही ठाऊक असावे. कर्ज काढण्याआधी तेथे विचारून पाहावे.

पहिले तीन दिवस अधिक जोखमीचे. मेंदूतील रक्तस्राव झालाच, तर बहुधा याच काळात होतो, म्हणून टाळूवरून सोनोग्राफी करतात. डॉक्टरांशी बोलताना रोज ठरावीक वेळी घरातील एकाच व्यक्तीने बोलावे, प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. आजची बातमी चांगली आणि उद्याची वाईट, असे होते. त्याचा अर्थ कोणी फसवले असा नसतो. पहिल्या आठवड्यात वजन दहा ते पंधरा टक्के घटते आणि दोन आठवड्यांच्या सुमारास भरून येते. आणि आईला, ‘तू जिना चढलीस म्हणून, प्रवास केलास म्हणून’ असे कोणी म्हणू नये. अनेकदा कारण तज्ज्ञांनाही सापडत नाही.

बाळाचे वय पुढे दोन प्रकारे मोजतात. लसी जन्मतारखेप्रमाणे, मान धरणे, बसणे, चालणे मात्र दिवस भरण्याच्या मूळ तारखेपासून. आणि एक तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंहून कमी वजनाचे बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. अगदीच लहान बाळाची त्याहूनही आधी, दोन-तीन आठवड्यांत. बाळ त्याआधी घरी आले, तरीही ती चुकवू नये.