खानदेशातले सात आकडे

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत नाचणारे बुध्ये अंगभर राखेची नक्षी काढून येतात. ही नक्षी बघून बघून हातात उतरते. मात्र एखादी आकृती न दाखवता, नुसत्या आकड्यांत सांगून दुसऱ्याकडून काढून घेण्याची विद्याही खानदेशात शिकवली गेली आहे.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व भागात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके ११२८ चा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख अभ्यासकांसमोर आणला.

त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. वर्तुळात त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या समभुज आकृत्या बसवण्यासाठी तिच्यात सात आकडे दिले आहेत: १,०३,९२३, ८४,८५३, ७०,५३४, ६०,०००, ५२,०५५, ४५,९२२ आणि ४१,०३१. व्यासाला हव्या त्या आकड्याने गुणायचे, १,२०,००० ने भागायचे, की बाजू मिळते.

सप्तकोनासाठी आजचे गणित ५२,०६६ सांगते, नवकोनासाठी ४१,०४२. दोन्हींत फरक अकराचाच. संगणकाच्या पडद्यावर ५०० पिक्सेल व्यासाच्या वर्तुळात भास्कराचार्यांच्या आकड्याने एकेक बाजू मांडत सप्तकोन काढला, तर शेवटचे टोक पहिल्यापासून अर्ध्या पिक्सेलहूनही कमी अंतरावर येते. डोळ्याला ती फट दिसणारच नाही!

आकृती आकड्यांत सांगायची हीच रीत संगणकावरही दिसते. १९६७ मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आले. ‘इतके पुढे जा, इतके अंश वळ’ एवढ्या आज्ञांवर ते आकृत्या काढते. पायथॉन या संगणकभाषेतही असे कासव आहे. आकृती काढायची, दहा अंश फिरवायची, रंग बदलायचा. हे छत्तीस वेळा केले की रंगीत चक्र तयार होते.

पण चक्र कसे दिसेल, हे कोनांच्या संख्येवर ठरते. मध्याभोवती षटकोन फिरवला, तर सहा वेगळे षटकोन झाल्यावर पुढचे तीस आधीच्यांवरच बसतात. टोके भरतात ३६. सात आणि छत्तीस यांना सामाईक विभाजक नाही. म्हणून सप्तकोनाच्या छत्तीसही आकृत्या वेगळ्या राहतात आणि वर्तुळावर २५२ टोके सारख्या अंतराने उमटतात.