आजीचे माहेरचे नाव

मुदखेडाहून नांदेडकडे गाडी निघाली की पहिलेच स्टेशन लागते ते मुगटचे. घाईचा प्रवासी त्याची पाटीही वाचत नाही. पण पंजाबातून नांदेडला आलेले यात्रेकरू आवर्जून या खेड्यात येतात, कारण तेथे माता साहिब देवां यांचा गुरुद्वारा आहे. माझ्या वर्गातली काही मुले त्याच गावाहून शाळेत येतात. एकदा सहज विचारले, "या माता साहिब कोण रे?"

"गुरू गोविंदसिंगांची बायको, बाई!" उत्तर तयारच होते.

उत्तर चूक नव्हते, अपुरे होते. 1708 साली गुरू दक्षिणेत आले तेव्हा त्या त्यांच्यासोबत होत्या. नांदेडला गुरूंनी देह ठेवला. त्याआधीच त्यांनी यांना दिल्लीला माता सुंदरींकडे पाठविले होते. पुढे 1747 पर्यंत त्या जगल्या. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे! या काळात त्यांनी ठिकठिकाणच्या संगतींना हुकूमनामे धाडले, आणि त्यांवर शिक्का उमटविला तो स्वतःचा. त्यांतले काही आजही जपून ठेवलेले आहेत. शिवरायांची मुद्रा मुलांना पाठ असते. शिक्क्याची मातब्बरी त्यांना सांगावी लागत नाही. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बाईचा शिक्का?"

त्या दोन शब्दांनी मला माझा विषय दिला. इतकी वर्षे मी इतिहास शिकवीत आले. क्रमिक पुस्तकात स्त्रिया नाहीत अशी तक्रार मी करणार नाही. जिजाबाई आहेत, अहिल्याबाई आहेत, झाशीची राणी आहे, सावित्रीबाई आहेत. परंतु उत्तरपत्रिका तपासताना ध्यानात येते की मुलांच्या लेखी त्या सगळ्या कोणाच्या तरी कोणीतरी असतात: थोर माता, थोर पत्नी, थोर सून. तिने स्वतः काय केले, काय लिहिले, कशावर आपले नाव घातले, हे कोणी विचारीत नाही. मीही कुठे विचारीत होते?

म्हणून एक गृहपाठ दिला. आजीचे माहेरचे नाव विचारून यायचे, आणि जमल्यास पणजीचेही. सोपा वाटला होता. तो फारच अवघड निघाला. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी उतरंड मुलांनी धडाधड मांडली. बायकांच्या रकान्यात मात्र निम्म्याहून अधिक ठिकाणी रेघा! काही घरांत लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि जुने नाव तांदळांबरोबरच पुसले गेले. एक मुलगा सांगू लागला, "आजी म्हनली, काय करायलास ते नाव इचारून? आता त्या नावानं हाक मारनारं कोनी ऱ्हायलं न्हाई." वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही.

मग आम्ही नावांच्याच वाटेने मागे गेलो. जनाबाई आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. दामाशेट्टींच्या घरी राबणारी ही पोर. दळता-कांडता तिने अभंग रचले. पण अभंगाच्या शेवटी स्वतःची ओळख देताना ती आपल्याला नामदेवांची दासी म्हणविते. भक्तीच्या दृष्टीने ते गोडच आहे. तरीही मी मुलींना म्हटले, या सहीत आधी कोणाचे नाव येते ते बघा. मुली विचारात पडल्या. एकीने मात्र मला अडविले, "पण बाई, शेवटी तिचंच नाव येतं ना?" यावर मला काही बोलता येईना, आणि ते बरेच झाले.

वर्ग खरा रंगला तो मुक्ता साळवेच्या दिवशी. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजाची मुलगी. 1855 मध्ये तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त दोन हप्त्यांत छापून आला. वेदांवर अधिकार फक्त ब्राह्मणांचा, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल ती विचारते. बाळंतपणाला डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांची थंडीवाऱ्यातली दैना ती सांगते. मी पुन्हा पुन्हा सांगितले की हे कोणा पंडिताने नव्हे, तुमच्यासारख्या शाळकरी मुलीने लिहिले आहे. आमच्याकडे फुलांची शेती पुष्कळ. पहाटे मळ्यात फुले तोडून मग दप्तर उचलणाऱ्या मुली माझ्या वर्गात आहेत. त्यांतली एक, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "बाई, तिचं वय काय होतं?" म्हटले, तुझ्याएवढीच असेल. त्यानंतर ती बराच वेळ गप्प होती, पण ते गप्प बसणे निराळे होते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची गोष्ट सांगितली ती जरा रागानेच. एका विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचे निमित्त होऊन वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, तेव्हा या बाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून चोख उत्तर दिले. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापले तेव्हा कोठे ते लोकांपुढे आले. त्र्याण्णव वर्षे! नाव छापलेले असूनही ही गत, तर न छापलेल्यांचे काय?

आमच्या मुलखात या प्रश्नाला धार आहे. रेल्वेने थोडे पुढे गेले की उमरी. जानेवारी 1948 मध्ये निजामी राजवटीशी लढणाऱ्यांनी तेथली बँक लुटली, ही कथा इथल्या पोराटोरांना ठाऊक असते. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके त्याच लढ्यात हत्यार घेऊन उतरल्या, त्यांचे नाव मात्र थोड्याच मुलांनी ऐकले होते. आणि रात्री-अपरात्री दाराशी आलेल्या अनोळखी पोरांना भाकरी थापून देणाऱ्या बायका? भाकरीवर सही नसते.

आता 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहावे असा सरकारी निर्णय झाला आहे. मला तो मनापासून आवडला. ज्या पिढ्या होऊन गेल्या त्यांच्यासाठी मात्र आमची वहीच.

त्या वहीत शिक्षिकेचेही पान असावे असा मुलांनी हट्ट धरला. आजीचे माहेरचे नाव मी चटकन लिहिले. पणजीपाशी पेन थबकला. आई हयात नाही. दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या आत्याला फोन केला, मग मामेभावाला, मग गावाकडच्या एका वृद्ध शेजारणीला. शेजारीण म्हणाली, "तिला सगळे मोठी बाईच म्हणायचे गं." सुट्टी संपल्यावर वही उघडली, तेव्हा तो मागच्या बाकावरचा मुलगा माझ्या रिकाम्या रकान्याकडे बघत होता. त्याच्या स्वतःच्या पानावर आजीचे नाव आले होते: सोनूबाई. आजीने ते तिसऱ्या खेपेला सांगितले, आणि सांगून झाल्यावर पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून दाखव म्हणाली.